वीस फुटांवरचा

सत्यशीलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर ती त्याला बघतच नव्हती. ती विजेचा खांब बघत होती, आणि तोही हौसेने नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून.

सत्यशीला शनिशिंगणापूरला आत्याच्या घरी राहून कॉम्प्युटरवर काम करायची. काम ऐकायला अगदी सोपं. कुठल्या कुठल्या देशांतल्या रस्त्यांचे फोटो स्क्रीनवर यायचे आणि फोटोत जिथे जिथे माणूस असेल तिथे माउसने त्याच्याभोवती चौकट आखायची. चालणारा माणूस, सायकलवरचा माणूस, बसमागे अर्धा लपलेला माणूस. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माणसं शोधायची आणि चौकटीत बसवायची. असल्या कामाला कुणी पगार देतं यावर आत्याचा, म्हणजे आक्काबाईचा, अजूनही विश्वास नव्हता.

पण या कामावर सत्यशीलाचं सगळं अवलंबून होतं. तिचे आई-वडील पाथर्डी तालुक्यातले, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. बारावीनंतर दोन हंगाम तीही फडात राबली होती. पहाटेच्या थंडीत उसाला हात घातला की बोटं कशी बधिर होतात ते तिला कुणी सांगायला नको होतं. हे काम टिकलं तर पुढच्या वर्षी आईला कोयता धरू द्यायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आणि हे काम सुटलं तर पुढच्या वर्षी आईच्या शेजारी ती स्वतःच उसात उभी असणार, हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि नेमके डिसेंबरात डोळे रुसले. दुपारपर्यंत लालबुंद व्हायचे, आत वाळू गेल्यासारखे खुपायचे, आणि मान वर करून लांब पाहिलं की सगळं धूसर. शेवटी ती नगरला दीपा मॅडमकडे गेली. मॅडम बोलायला सरळ होत्या.

"तू पापण्याच मिटत नाहीस," त्या म्हणाल्या. "एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. स्क्रीनपुढे बसला की पाच-सहावर येतो. डोळा सुकणारच. त्यात दिवसभर हातभर अंतरावर नजर लावून आतला स्नायू आखडलाय, म्हणून लांबचं धूसर दिसतंय. थोडा नंबरही आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चष्मा आठ दिवसांनी मिळेल. स्क्रीन डोळ्यांपेक्षा थोडी खाली ठेव. दिवसातून तीनदा थेंब टाक आणि टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बस. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघ. आणि बाहेरचं ऊन स्क्रीनवर येऊ देऊ नको, दार लावून बसत जा.

"मॅडम, मी शिंगणापूरला राहते," सत्यशीला म्हणाली. "आमच्याकडं घराला दार नसतं."

मॅडम हसल्या, म्हणाल्या, मग टेबल फिरव. तिने टेबल फिरवलं. आता दाराची रिकामी चौकट तिच्या डाव्या हाताला आली. मान वळवली की बाहेरची बोळ, पलीकडे कडुनिंब, आणि कडुनिंबाला खेटून तो खांब. आत्याने उंबऱ्यापासून पावलं टाकत अंतर मोजलं आणि वीस फूट बरोबर खांबापाशी भरतात असा निकाल दिला.

पहिले दोन दिवस खांब नुसता खांब होता. तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, आत्या देवळापाशी तेलाच्या आणि रुईच्या माळांच्या दुकानावर असताना, सत्यशीलाने मान वळवली आणि खांबापाशी काहीतरी पांढरं दिसलं. उभं. माणसाएवढं. खांद्याच्या वर डोकं होतं, पण डोक्याला चेहरा नव्हता. नाक नाही, तोंड नाही, नुसता पांढरा गोळा. तिने वीस सेकंद मोजले, कारण मोजायला सुरुवात केली होती, आणि ते वीस सेकंद ते पांढरं तिच्याकडे तोंड करून उभं होतं… तोंड असलं तर.

तिने डोळे चोळले, उठली, उंबऱ्यापर्यंत गेली. बोळीत कुणी नव्हतं. कडुनिंबाखाली एक शेळी बसली होती आणि ती काही पांढरी नव्हती.

त्यानंतर ते रोज यायला लागलं. साधारण अकरा ते एकच्या दरम्यान. वीस मिनिटांपूर्वी नसायचं, वीस मिनिटांनी असायचं. ती उठून दारात गेली की नसायचं. सत्यशीला भित्री नव्हती, फडात साप पाहिलेली मुलगी. पण भर उन्हात, सगळं गाव देवळाकडे गेलेलं असताना, चारी बाजूंनी शांत अशा घरात बसून दर वीस मिनिटांनी मान वळवायची… मान वळवण्याआधी तिच्या पाठीवर काटा यायला लागला. मनात आलं, पडदा तरी ओढावा. पण पडदा ओढला तर लांब बघायचं कुठे? आणि ओढलेल्या पडद्याबाहेर ते उभं असणार, हे जास्त वाईट.

शेजारच्या रंगुबाईला तिने आडून विचारलं. रंगुबाई सत्तरीची, गल्लीतल्या सगळ्या बातम्या तोंडपाठ असलेली.

"त्या खांबापाशी दुपारी कोन थांबतं का वो, मावशी?"

"त्या खांबापाशी?" रंगुबाईने निवडायचं सूप खाली ठेवलं. "तिथं कोन थांबंल बाई? मागल्या साली त्या खांबावर वायरमन चिकाटला हुता. तिसगावकडचं पोरगं, ठेकेदाराचं. लाइन बंद हाय म्हनून वर चढलं आन लाइन बंद नव्हती. खाली पडलं तवा अर्धं काळं झाल्यालं. जीपात घालून नगरला नेलं. वाटंतच गेलं म्हनत्यात. तवाधरनं दुपारचं त्या बाजूला आमी न्हाई बसत."

सत्यशीला घरी येऊन स्क्रीनपुढे बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिने एकदाही मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी डोळे इतके दुखले की उघडेनात.

तर त्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाराचा सुमार. तिने थेंब टाकले, मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर लावला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली.

"काल बघितलं न्हाई ते?"

आवाज दाराशी होता. पुरुषाचा. जरा घोगरा, पण सावकाश, समजुतीचा. सत्यशीलाचे हात खुर्चीला घट्ट चिकटले.

"कोन हाय?"

"डोळं उघडू नका. औषध वाहून जातंय गालावर."

"तुमाला काय म्हाइत औषधाचं?"

"मलाबी टाकावं लागतं. दिवसातनं चारदा."

"आत्या घरी न्हाई."

"म्हनून तर उंबऱ्याच्या भाईर हाय. एक विचारायचं हुतं… दर वीस मिनिटांनी माज्याकडं टक लावून बघता, ते कशापायी?"

भीती तिला वाटतच होती, पण आळ आला की सत्यशीलाला आधी राग यायचा, भीती नंतर.

"मी कशाला तुमच्याकडं बघू? मी खांबाकडं बघते. डॉक्टरनं सांगितलंय."

मग, "लई नशीबवान खांब," असं काहीतरी तो पुटपुटला. टायमर वाजला. तिने डोळे उघडले. दारात ऊन होतं, आणि ऊन सोडून काही नव्हतं. ती धावत बाहेर आली. धुळीत पावलं असतील म्हणून वाकली, पण वाऱ्याने धूळ सपाट केली होती.

शहाण्या मुलीने तेव्हाच आत्याला सांगितलं असतं. सत्यशीला शहाणी होती, तरी तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याने आधी लिंबू उतरवलं असतं आणि मग आईला फोन करून कॉम्प्युटर बंद करायला लावला असता. हे एक कारण. दुसरं कारण तिने स्वतःलाही दोन दिवस सांगितलं नाही. तो आवाज तिला परत ऐकायचा होता.

तो परत आला. रोज यायला लागला. रोज तिचे डोळे मिटलेले, तो उंबऱ्याबाहेर, आणि दोघांच्या मधे पाच मिनिटं. टायमर वाजला की तो नसायचा.

"आज पापन्या जरा बऱ्या हायेत," एकदा तो म्हणाला. "मिनिटाला अकरा. सोमवारी सात हुत्या."

"तुमी माज्या पापन्या मोजता?"

"खांबापाशी उभं राहून मानसानं दुसरं काय मोजावं?"

"दुसऱ्याच्या पोरीच्या पापन्या मोजू नयेत."

"बरं, मग न्हाई मोजत. पन मग तुमाला सांगनार कोन? तुमी तर त्या डबड्यात डोकं घातलं की जगाला इसरता. काल चाळीस मिनिटं मान वळली न्हाई."

"वाट बघत हुता वाटतं."

"...हुतो की."

सत्यशीलाला मिटल्या डोळ्यांनीही कळलं की आपण हसतोय आणि तो ते बघतोय. तिने तोंड फिरवलं. त्याने विचारलं तरी तिने नाव लगेच सांगितलं नाही, तीन दिवस तंगवलं. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सत्यशीला. लई लांबलचक. हाक मारीपतूर टायमर वाजायचा."

"मग मारू नका हाक."

"शीला म्हनलं तर?"

"म्हना… पन हळू."

त्यानंतर खांबावरून आवाज यायला लागला. टण. एक खडा लोखंडावर आपटल्याचा. बरोबर वीस मिनिटं झाली की टण. ती मान वळवायची, ते पांढरं बिनचेहऱ्याचं खांबापाशी असायचं, आणि ती हात वर करायची. तेही हात वर करायचं, उजवा. वीस सेकंद दोघं तसेच. पुढची वीस मिनिटं ती कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांभोवती चौकटी आखायची आणि कान मात्र बोळीत.

शनिवारी मात्र टण वाजायचं नाही, आणि दाराशी आवाजही यायचा नाही. शनिवारी गावात पाय ठेवायला जागा नसायची, गाड्यांच्या रांगा लागायच्या. तरी तिने मान वळवली की ते तिथे असायचं. ती हात वर करायची. शनिवारी ते हात वर करायचं नाही. नुसतं उभं असायचं, खांबाला अगदी चिकटून, आणि तिला का कोण जाणे थंडी वाजायची.

संक्रांत झाली. तिळगूळ घ्यायला रंगुबाई आली, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "तू त्या वायरमनचं विचारीत हुतीस न्हवं? नाव आठावलं बघ. कानिफ. कानिफनाथ."

सत्यशीलाच्या हातातली तिळाची वाटी तशीच राहिली. कारण आदल्याच दुपारी तिने आवाजाला नाव विचारलं होतं आणि आवाज म्हणाला होता, "कानिफ. तिसगावचा."

मढीला कानिफनाथांचं देऊळ, म्हणून तिसगाव-मढीकडे चार घरांआड एक कानिफ असतो, असं तिने रात्रभर स्वतःला समजावलं. सकाळपर्यंत ते पटलंही. बाराला थेंब टाकून तिने डोळे मिटले तेव्हा मात्र अजिबात पटत नव्हतं.

"कानिफ, तुमी आज जेवला का?"

"व्हय. का?"

"काय जेवला?"

"भाकर आन मेथी. वरनं ठेचा. का वो, डब्बा देताय का?"

"तुमचं पाय कसं हायेत?"

"पाय?" तो जरा गोंधळला. "दोन हायेत."

"पुढं का मागं?"

तो हळूच म्हणाला, "रंगुबाईनं सांगितलं काय?"

तिने मान हलवली. त्याने नाही म्हणावं, मोठ्याने हसावं, तिला वेडी म्हणावं, असं तिला इतकं वाटत होतं की मिटल्या पापण्यांतून थेंब आणि पाणी दोन्ही वाहायला लागलं. तो हसला नाही.

"गाव म्हनतंय तर गेलोच आसंल," तो म्हणाला. टायमर वाजला.

इथे कुणी दुसरी असती तर तिसगावच्या रस्त्याकडे पाठ करून आईकडे फडात निघून गेली असती. सत्यशीला दुसऱ्या दिवशी पावणेबाराला केस विंचरून बसली. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, झालं. मेलेल्यावर बसलं असेल तर मेलेल्यावर. तिने याचा मनाशी पुष्कळ विचार केला आणि तिला त्यात काही बदल करता आला नाही.

नगरला तिचा चष्मा केव्हाच तयार होता. दुकानातून दोनदा फोन आला. ती आज जाते, उद्या जाते करत राहिली. चष्मा लावला की लांबचं लख्ख दिसणार. आणि लख्ख दिसलं की खांबापाशी कुणी नसलं तर? धुक्यात जे आहे ते धुक्यातच असेल तर? एक चष्मा महिनाभर दुकानात पडून राहिला, तो असा.

पण डोळे कुणाची गय करत नाहीत. फेब्रुवारीत कामावरून ताकीद आली. आधी इंग्रजीत, मग मुलीला समजावं म्हणून कुणीतरी मराठीतही खाली लिहिलं होतं. 'जिथे कुणीही नाही तिथे तुम्ही माणूस दाखवत आहात.' सोबत फोटो जोडले होते. रिकामे रस्ते, रिकामे दिव्याचे खांब, आणि प्रत्येक खांबाशेजारी सत्यशीलाने नीट आखलेली एक चौकट. चौकटीत काही नव्हतं. आठवड्यात चुका कमी झाल्या नाहीत तर काम बंद.

त्या रात्री आईचा फोन आला. फडात उसाचं वाळकं पाचट लागून आईचा हात कापला होता, पट्टी बांधून ती मोळ्या वाहत होती. सत्यशीलाने आईला काही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर तिने ठरवलं.

"मी उद्या नगरला जाते," दुपारी ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "चष्मा आनायला."

बाहेर नुसता वारा होता. तो गेला की काय, असं तिला वाटलं.

"आनलाच पायजे का?"

"काम जाईल माजं. मग आई, मी, दोघी उसात."

"मग आनाच," तो लगेच म्हणाला. आणि थोड्या वेळाने, फार हळू, "पन शीला… चष्मा लावल्यावर मी तुला दिसायचो न्हाई."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. ती काही बोलणार इतक्यात टायमर वाजला.

चष्मा लावून सत्यशीला घरी आली तेव्हा तिला आपलीच बोळ ओळखू येईना. कडुनिंबाचं पान न पान वेगळं दिसत होतं. तारेवरच्या चिमण्यांच्या चोची दिसत होत्या. खांबाच्या वरच्या आडव्या पट्टीवर एक काळा, भाजल्यासारखा डाग होता, तोही दिसत होता. आणि खांबापाशी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्या दिवशी नव्हतं. शनिवारीही नव्हतं. टण नाही, आवाज नाही. बाराला ती थेंब टाकून बसायची, पाच मिनिटं नुसता पंखा फिरल्याचं ऐकायची. डोळ्यांचं खुपणं गेलं, लाली गेली, चौकटी अचूक पडायला लागल्या. कामावरून अभिनंदन आलं. ते वाचून ती आतल्या खोलीत जाऊन रडली. आत्याला वाटलं, आईच्या आठवणीने.

दहाव्या दिवशी तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, थेंब टाकले, डोळे मिटले आणि रिकाम्या दाराला म्हणाली,

"असाल तर बोला. नसाल तर… तरी बोला."

पंखा फिरत राहिला. मग अगदी जवळून, डावीकडच्या भिंतीच्या पलीकडून, आवाज आला.

"चष्मा काढलाय का?"

"काढलाय. कुठं हाय तुमी?"

"भिंतीला टेकून हाय. आलो की इथंच असतो. दारातनं दिसत न्हाई इथं."

"दहा दीस इथं हुता आन बोलला न्हाई?"

"बोललो असतो तर तू बघायला आली असती."

"मग बघितलं असतं तर काय झालं असतं?"

तो एकदम, घाई असल्यासारखा बोलत सुटला. "शीला, मी काई मेलो न्हाई. मरायचा र्‍हायलो. आठ म्हैने दवाखान्यात काढलं. डावा गाल, मान, कान, सगळं गेलं. डाव्या डोळ्याची पापनी पुरती मिटत न्हाई, म्हनून ते थेंब. खांबावर चढवत न्हाई आता. टेंपो चालवतो, तिकडनं रुईची पानं आनतो तुज्या आत्याच्या लायनीतल्या दुकानांना. पांढरा गमछा तोंडाला गुंडाळून बसतो, कोन वळखत न्हाई. वळखू नये म्हनूनच गुंडाळतो. लोकं बघत्यात, आन लगी दुसरीकडं बघत्यात. लेकरं आईच्या मागं लपत्यात. पानं उतरवून झाली की मी त्या खांबाकडं यायचो. त्यानं मला पाडलं, तर म्हनलं त्याच्याकडं बघायची तरी भीती मोडावी. आन एक दिवस… गमछा तोंडावरनं घसरला हुता माजा, नुसता डोक्याला र्‍हायल्याला. तोंड उघडं. आन समोरच्या घरातनं एक पोरगी माज्याकडं बघत हुती. वीस सेकंद. तिनं मान वळवली न्हाई. दुसऱ्यांदा बघितलं, तरी न्हाई. वरीसभरात मला आसं कोन बघितलं नव्हतं."

सत्यशीलाच्या हाताला टेबलावरचा चष्मा लागला.

"मला दिसतच नव्हतं कानिफ," ती हळूच म्हणाली. "चेहराच दिसत नव्हता मला तुमचा. नुसतं पांढरं दिसायचं."

"ते मला म्हागनं कळलं. तू खांब म्हनालीस तवा. पन तवर उशीर झालता."

"आन शनिवारी? शनिवारी हात का वर करत नव्हता?"

"शनिवारी?" भिंतीपलीकडे तो थबकला. "शनिवारी मला सहा खेपा असत्यात. शनिवारी मी कंदीच आलो न्हाई हितं."

थकलेल्या डोळ्यांना काय वाटेल ते दिसतं, असं दीपा मॅडम म्हणाल्या असत्या आणि बहुतेक ते खरंही असेल. सत्यशीलाने पुढे विचारलं नाही. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती उठली.

"शीला, उठू नको."

"उठलेय."

"येऊ नको. मी जातो. खरंच जातो, परत येत न्हाई. तुज्या ध्यानात जसा हाय तसा राहू दे."

ती उंबरा ओलांडून डावीकडे वळली. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, गमछा हातात धरून. घालायला वेळच मिळाला नव्हता. चोवीस-पंचवीसचा असेल. उजवीकडून पाहिला असता तर देखणाच म्हटला असता कुणी. डावीकडे गालाची कातडी ताणून चिकटवल्यासारखी चकचकत होती, कानाच्या जागी नुसती वळी होती, आणि मानेवरून ती सगळी ओढ शर्टात उतरली होती. सत्यशीला एक पाऊल मागे सरली. ते तिने लपवलं नाही, आणि नजरही काढली नाही. तिने कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं नीट, सावकाश पाहून घेतलं.

"झालं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज मात्र तोच होता, रोजचा. "बघितलं ना आता? मग सांगून टाक. मला सवय हाय."

"सांगते. महिनाभर मी तुमाला मेलेला समजत हुते," सत्यशीला म्हणाली. "पाय उलटं असतील, हेबी धरलं हुतं. तरी रोज पावणेबाराला केस विंचरून बसत हुते. आत्याला काय सांगायचं, आईला काय सांगायचं, मेलेल्याशी संसार कसा करायचा, सगळं ठरवून झालतं माजं. आन तुमी आता मला गालाचं सांगताय व्हय?"

कानिफने तिच्याकडे पाहिलं. उजवी पापणी लवली, डावी अर्ध्यावर थांबली. मग तो हसला. उजवा गाल हसला, डावा जागचा हलला नाही. सत्यशीलाला दोन्ही आवडले, आणि तिने ते त्याला तिथल्या तिथे, भर दुपारी, सगळ्या बोळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं.